वजन जास्त म्हणून हृदयाचे ऑपरेशन थांबवावे काय?



गेल्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी तोडणी-वाहतुकीच्या नियोजनासाठी एका गावी गट बैठक होती. तोडीच्या तारखा, रानातल्या वाटा, वाढ्यांचा हिशेब हे नेहमीचे विषय संपले, चहा झाला, माणसे उठू लागली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका सभासद भगिनीने आमच्यापैकी एकाला बाजूला बोलावले. म्हणाल्या, "आमच्या मालकांच्या काळजातली झडप खराब झालीया. पण वजन लई हाय, तवा आपरेशन व्हायचं न्हाई, आधी तीस किलो उतरवून या, असं एकानं सांगितलंय. दोन हंगाम झालं, वजन काय उतरंना. दम मात्र वाढायलाय. आता काय करायचं, सांगा की भाऊ."

आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आमचीही समजूत तीच होती, की लठ्ठ माणसाची छाती डॉक्टर उघडत नाहीत. मग आम्ही विचारपूस केली, हृदयाची ऑपरेशने करणाऱ्या डॉक्टरांशी बोललो, वाचले. आम्ही स्वतः डॉक्टर नव्हे. परंतु जे समजले ते सभासदांपर्यंत पोचवावे, कारण आपल्या गटागटात असे गडी पुष्कळ आहेत. तरुणपणी तालमीत घुमलेले, दूध-तूप खाल्लेले. तालीम सुटली, खुराक सुटला नाही.

विहिरीवर किंवा नदीवर ज्यांची मोटार आहे त्यांना हृदयाच्या झडपा वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. सक्शन पाईपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण सगळे 'फुटबॉल' म्हणतो. पाणी वर जाऊ द्यायचे, परत खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तो गळू लागला की पाईप रिकामा होतो आणि मोटार नुसती घुमते. उलट त्याच्या तोंडाशी घाण अडकून वाट अरुंद झाली तर मोटार तापते आणि पाणी करंगळीएवढे पडते. हृदयात अशा चार झडपा आहेत. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. माणूस स्वस्थ बसला असला तरी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ते पुढे ढकलते, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर झाले. तेव्हा झडप गळकी झाली काय किंवा अरुंद झाली काय, ताण हृदयाच्या स्नायूवर येतो.

बहुधा दोन झडपा बिघडतात. एक महाधमनीच्या तोंडाशी असते, तिला डॉक्टर एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. वयपरत्वे तिच्यावर चुना साठतो, पाणी जड असलेल्या गावी पाईपात साठतो तसाच. दुसरी डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली, मायट्रल व्हॉल्व्ह. ही आपल्याकडे बहुतेक वेळा लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब होते. पोराचा घसा येतो, मग सांधे सुजतात, ताप येतो, आणि चार दिवसांत बरे वाटले म्हणून घरचे विसरून जातात. झडप मात्र पुढे पंधरा-वीस वर्षांनी बोलते. ज्या पोराला हा ताप येऊन गेला आहे त्याला पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते, ते चुकवू नका.

या भगिनींच्या मालकांची एओर्टिक झडप चुन्याने अरुंद झाली होती. उंची पाच फूट सहा इंच, वजन ९८ किलो. डॉक्टर लोक वजन मोजताना किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, त्याला बीएमआय म्हणतात. यांचा आकडा ३५ च्या जवळ आला. जगात ३० च्या पुढे लठ्ठ धरतात. आपल्या हिंदी माणसाचे पोट आधी सुटते आणि साखरही लवकर लागते, म्हणून आपल्यासाठी २५ ची हद्द धरली जाते.

आता "आधी वजन उतरवा" या सल्ल्याकडे येऊ. वरवर तो शहाणपणाचा दिसतो, आणि गुडघ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनाआधी तो योग्यही असेल. पण झडप फार अरुंद झाली असेल आणि दम लागणे, चालताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणे यांपैकी काही सुरू झाले असेल, तर वेळ आपल्या हातात नसतो. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की ही लक्षणे सुरू झाल्यावर झडप बदलली नाही तर माणूस सरासरी दोन ते पाच वर्षे काढतो. हृदय थकून दम लागू लागला असेल तर दोनच. म्हणजे तीस किलो उतरवण्याच्या नादात आमच्या या सभासदाचे दोन हंगाम गेले, ते कोणत्या खात्यातून गेले ते ध्यानात घ्या.

शिवाय वजन उतरावे कसे? डॉक्टर म्हणणार चाला. चालले की दम लागतो, अंधारी येते. अशा झडपेवर जोराचा व्यायाम करणे धोक्याचे आहे. मग माणूस बसून राहतो, बसून वजन वाढते. पुढे पायांवर सूज येते, अंगात पाणी साठते, काट्यावर आकडा आणखी चढतो आणि घरचे म्हणतात, "खाणं काय सोडत न्हाईत बघा." त्या बिचाऱ्याने भाकरी एकावर आणलेली असते. उपाशी राहून अंगातले मांस झडते, तेही वाईटच, कारण ऑपरेशननंतर जखम भरायला तेच लागते. हृदयाच्या ऑपरेशनात सर्वांत जास्त धोका लठ्ठ माणसाला असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात अगदी हडकुळ्या, खंगलेल्या माणसाची गत जास्त वाईट होते, असे अनेक ठिकाणच्या नोंदींत आढळले आहे. बीएमआय ४० च्या पुढे गेला की मात्र त्रास खरोखर वाढतात.

तर मग डॉक्टर लठ्ठ माणसाला कचरतात ते का? त्यात तथ्य नाही असे नव्हे.

झडपेचे ऑपरेशन करायची जुनी आणि आजही सर्वत्र चालणारी रीत म्हणजे छातीचे मधले हाड वरून खालपर्यंत करवतीने उभे कापायचे, छाती दोन्हीकडे फाकवायची, रक्त यंत्रातून फिरवत ठेवायचे, हृदय थांबवून झडप बदलायची आणि हाड पोलादी तारेने परत बांधायचे. पहिली टिकाऊ कृत्रिम झडप १९६० साली अमेरिकेत पोर्टलंड येथे डॉ. स्टार यांनी बसवली, ती त्यांनी लॉवेल एडवर्ड्स या इंजिनियरच्या मदतीने बनवली होती. हे एडवर्ड्स पंपांचे आणि पाण्याच्या दाबाचे जाणकार. पिंजऱ्यात गोळी, रक्त आले की गोळी वर, परत फिरले की खाली बसून वाट बंद. आपला 'फुटबॉल'च म्हणा ना! तेव्हापासून लाखो लोक या उभ्या छेदातून बरे झाले आहेत, त्या रीतीला आम्ही नावे ठेवत नाही.

पण हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर दोन्ही हातांवर भार देऊन उठायचे नाही, ओढायचे नाही, उचलायचे नाही. आता शंभर किलोचा माणूस खाटेवरून हाताचा रेटा न देता कसा उठणार? तो रेटा देतोच. तार मांसात-हाडात कापत जाते, हाड हलते. छातीवरची चरबी जड असते, ती जखमेला दोन्हीकडे ओढते. चरबीत रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखम उशिरा भरते. पुष्कळांना साखर असते, ती जंतूंना पोसते. एकदा का हाडामागे पू झाला, तर पुन्हा छाती उघडून धुवावी लागते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. वर आणखी पोट फुप्फुसांना खालून दाबते, त्यामुळे श्वासाची नळी लवकर निघत नाही. डॉक्टर कचरतात ते या हाडाला आणि या श्वासाला.

लहान छेदाची रीत

नव्वदच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत क्लीव्हलंड, बोस्टन अशा ठिकाणी डॉक्टरांनी हा छेद लहान करण्यास सुरुवात केली. याचे मुख्य प्रकार दोन. एकात मधल्या हाडाचा फक्त वरचा भाग कापतात, खालचा शाबूत राहतो, त्यामुळे पिंजरा सुटत नाही. दुसऱ्यात हाडाला हातच लावत नाहीत. उजव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधून पाच-सहा सेंटिमीटरची वाट करतात. रक्त फिरवणाऱ्या यंत्राच्या नळ्या बहुधा जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घालतात, उजवे फुप्फुस थोडा वेळ मिटवून ठेवतात आणि लांब दांड्याच्या हत्यारांनी आत झडप बसवतात. आतले काम तेच. हृदय थांबवावे लागते, यंत्र लागते, टाके तेवढेच पडतात. "दुर्बिणीतून करतात म्हणजे किरकोळ" असे समजू नये. किरकोळ आहे ती फक्त बाहेरची वाट.

पूर्वी लठ्ठ माणसाला ही रीत चालणार नाही असेच धरत. चरबीच्या जाड थरातून त्या फटीत पाहणे म्हणजे अरुंद आडात वाकून पडलेली घागर काढण्यासारखे. पण मग काही डॉक्टरांच्या लक्षात आले, की ज्याचे हाड जुळायला सर्वांत कठीण त्याचेच हाड न कापण्यात सर्वांत जास्त फायदा आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील मायामी बीच येथे माउंट सायनाय रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. सान्ताना, डॉ. लामेलास आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या जुन्या नोंदी काढून २०११ साली हिशेब प्रसिद्ध केला. बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त आणि फक्त झडपेचे ऑपरेशन झालेले असे १६० रोगी. त्यांपैकी ९६ जणांची छाती मधून उघडली होती, ६४ जणांचे उजव्या बाजूच्या लहान छेदातून झाले होते. पहिल्या गटात शंभरी ५१ जणांना काही ना काही मोठा त्रास झाला: मूत्रपिंड थकणे, श्वासाची नळी जास्त दिवस राहणे, खोल जखम चिघळणे वगैरे. दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरी २३ होते. रुग्णालयात मृत्यू पहिल्या गटात ८, दुसऱ्यात एकही नाही.

आकडे बोलके आहेत. पण आपण शेतकरी आहोत, प्लॉट बघायची आपल्याला सवय आहे. एकाने काळ्या रानात नवे बेणे लावले, दुसऱ्याने मुरमाड रानात जुने, आणि उतारा मोजून बेणे श्रेष्ठ ठरवले, तर आपण मान डोलावणार नाही. इथे कोणाला कोणती रीत हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, डॉक्टरांनी रोगी बघून ठरवले होते. शिवाय हे डॉक्टर त्या कामात मुरलेले. नवशिक्याच्या हातून तसाच उतारा पडेल असे नाही. तरी एवढे त्यातून नक्की निघते, की लठ्ठपणा म्हणून लहान छेदाला नकार देणे बरोबर नाही, आणि लठ्ठपणा म्हणून ऑपरेशनच नाकारणे तर मुळीच नाही.

या रीतीचे तोटेही सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल कारखान्याच्या पत्रिकेत वाचून गेलो आणि फसलो. यंत्रावरचा वेळ थोडा जास्त लागतो. मोठ्या देहाला रक्तही जास्त लागते, तेवढे पुरवायला नळ्या जाड लागतात आणि जांघेतल्या वाहिन्या तेवढ्या रुंद व स्वच्छ हव्यात. ते आधी सीटी स्कॅन करून पाहतात. विडी-तंबाखूवाल्यांच्या वाहिन्या पुष्कळदा आतून चुनखडीने भरलेल्या निघतात, मग जांघेची वाट बंद. पोटाच्या वळीखाली जांघ सदा घामट राहते, तिथली जखम पाझरत राहण्याचा संभव असतो. एक फुप्फुस मिटवल्यावर जाड माणसाचा प्राणवायू खाली जातो, काहींना ते सोसत नाही. आणि मध्येच अडचण आली तर छाती मधून उघडावी लागते, याची तयारी रोग्याच्या घरच्यांनी मनात ठेवली पाहिजे. हृदयाच्या धमन्यांत अडथळे असून बायपासही करायचे असेल, तर बहुधा मधलाच छेद बरा पडतो.

तिसरी वाटही आहे. २००२ साली फ्रान्समध्ये रुआं येथे डॉ. क्रिबिए यांनी जांघेतून नळीवाटे नवी एओर्टिक झडप नेऊन जुनीच्या आत उघडली. आता हे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. छाती उघडत नाहीत, हृदय थांबवत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या किंवा इतर रोगांनी खिळखिळ्या झालेल्या माणसाला ते चांगले. पण झडप फार महाग, आणि ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेला हा उपाय नाही. तिला फुग्याने रुंद करता येते का ते डॉक्टर आधी पाहतात.

झडप कोणती बसवायची, हाही आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा असा विषय आहे. धातूची झडप जन्मभर टिकू शकते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली झडप १९९० साली प्रथम माणसाला बसवली, ती परदेशी झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मात्र धातूवर रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची आयएनआर नावाची तपासणी नियमाने करावी लागते. गोळी चुकली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्त वाहत राहते. कोयता, विळा, चाफकटर यांच्याशी रोज गाठ असणाऱ्याने याचा विचार करावा. दुसरी झडप गाय किंवा डुक्कर यांच्या ऊतकांपासून करतात. तिला बहुधा जन्माची गोळी लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते आणि तरुण माणसात त्याहून लवकर. काहींना गायीचे नाव ऐकून अवघड वाटते. तसे असेल तर डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ऑपरेशन ठरल्यावर

तंबाखू, मिसरी, विडी त्याच दिवशी बंद. साखर ताब्यात आणायला दोन-चार आठवडे मिळाले तर ते सोन्यासारखे वापरा. दात दाखवा. ही गोष्ट लोकांना खोटी वाटते, पण किडक्या दातातले जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर घर करतात. पुढेही जन्मभर दात काढताना "झडप बदलली आहे" हे आधी सांगून प्रतिजैविक घ्यायचे असते. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर घरच्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे, रोग्याला स्वतःला ते माहीत नसते. वजन उतरवायची हल्लीची इंजेक्शने कोणी घेत असेल तर तेही सांगावे, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामे होते.

डॉक्टरांना विचारायला भिऊ नका. अशा लहान छेदाची किती ऑपरेशने तुम्ही वर्षाला करता? माझ्या वजनाच्या माणसांची केली आहेत का? माझ्या बाबतीत मधला छेदच बरा असेल तर तो का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. खर्चाचे म्हणाल, तर झडप बदलण्याचे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. मात्र लहान छेदासाठी लागणारे जादा सामान त्यात धरले आहे का, हे योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारून घ्यावे. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरची नावे जुळतात का ते आजच बघा. उसाच्या बिलाला जसे नावातल्या एका अक्षरावरून अडते, तसेच तिथेही अडते.

आता त्या सभासदांचे काय झाले ते सांगतो. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून उजव्या बाजूने करायचे ठरवले. वय ५८. दोन्ही झडपा समजावून सांगितल्यावर त्यांनी ऊतकाची घेतली. म्हणाले, "म्हातारपणी परत एकदा जावं लागलं तर जाईन, पण दर महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला कोण हेलपाटे घालणार?" वजन ९८ होते तेवढेच घेऊन ते आत गेले. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले, हाताचा रेटा देऊनच उठले. छातीची जखम आठ दिवसांत सुकली. जांघेतली मात्र तीन आठवडे पाझरत होती, तिने घरच्यांना रडकुंडीला आणले. रोज पुसून कोरडी ठेवावी लागे, आणि साखर थोडी वाढली की ती पुन्हा ओली होई.

सहा आठवड्यांनी ते आमच्या कार्यालयात खोडव्याची नोंद द्यायला आले, जिना चढून. वजन ९३ होते. जिन्याच्या वर आल्यावर थांबले नाहीत, हे आमच्या शेतकी खात्याच्या शिपायाने पाहिले आणि आम्हांला येऊन सांगितले. वहिनी सोबत होत्या. त्यांनी पिशवीतून फाइल काढली आणि विचारले, यांना ट्रॅक्टर कधीपासून चालवू द्यायचा? तेवढे तुमच्या डॉक्टरांना विचारा, असे आम्ही सांगितले. डॉक्टरांनी आणखी पंधरा दिवस थांबायला सांगितले आहे.